ट्यूबा शिजवण्याआधी रजिस्टर तरी उघडायचं होतं

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव, प्राचार्य आणि व्यवस्थापन मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

संस्थेचं नाव या पत्रात कुठेही येणार नाही. ज्या इमारतीत माझी २९ वर्षं गेली तिचं नाव चव्हाट्यावर आणायला जीभ वळत नाही. पत्र मात्र चव्हाट्यावरच लिहितोय. तुमच्या ठरावावरून आमच्या विभागातला जिवंत बुरश्यांचा संग्रह ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेच्या यंत्रात, शिजवून मारला गेला, त्याबद्दल. बंद पाकिटातून दिलेल्या दोन पत्रांवर आवक क्रमांकाचा शिक्का पडला आणि पुढे ती कुठल्या फायलीत गेली ते आजवर कळलेलं नाही.

माझी ओळख मोठी नाही. साताऱ्यातल्या आपल्या महाविद्यालयात, मायक्रोबायोलॉजी विभागात, मी आधी प्रयोगशाळा परिचर होतो आणि शेवटची ९ वर्षं सहायक. शिक्षण बारावी सायन्स, तेही दुसऱ्या खेपेला. मुलं मला मामा म्हणायची. मंडळावरचे दोघं त्याच मुलांपैकी आहेत. लूप (जंतू उचलायची तारेची कडी) धरताना कुणाचा हात किती थरथरायचा हे मला आठवतं, पण तो विषय आज नको.

मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी दुपारी, सध्या तिथं कंत्राटावर असलेल्या मुलाचा फोन आला. "मामा, बुरशीच्या सगळ्या ट्यूबा ऑटोक्लेव्हला लावायला सांगितल्यात. खोली रिकामी करायचीय." मी म्हटलं, थांब. तो म्हणाला, "दोन लोड उतरले पण." पोवई नाक्याच्या गर्दीतून स्कूटर काढत मी पोचलो तोवर तिसरा लागला होता. १५ पौंड दाब, १२१ अंश, २० मिनिटं. त्या यंत्रातून जिवंत काही बाहेर येत नाही, त्यासाठीच ते असतं. झाकण उघडलं की शिजलेल्या बटाट्याचा वास येतो, कारण बुरशी वाढवायचं माध्यम आम्ही बटाट्याच्या काढ्यावरच करतो. वापरून झालेल्या प्लेटा मारताना तो वास मी हजारदा घेतलाय. त्या दिवशी मात्र बाहेर जाऊन पायरीवर बसावं लागलं.

त्या पोराचा यात काही दोष नाही. त्याला सहीचा कागद दाखवला गेला. मला फोन केला म्हणून त्याच्यावर कारवाई होऊ नये, ही माझी पहिली मागणी. बाकीच्या खाली येतील, ही आधीच लिहून ठेवतो.

आता त्या खोलीत काय होतं ते सांगतो, कारण तुमच्या ठरावात 'कालबाह्य व निरुपयोगी जैविक साहित्य' असे शब्द आहेत.

विभागातल्या मॅडम (त्यांना विचारलेलं नाही, म्हणून त्यांचंही नाव नाही) १४ पावसाळे कास, बामणोली, ठोसेघर, पाटणच्या वरची रानं अशी वणवण करत होत्या. वनखात्याची परवानगी लागते तिथं ती काढून. पश्चिम घाटाबरोबर कासलाही २०१२ साली जागतिक वारशाचा शिक्का मिळाला. तेव्हापासून सप्टेंबरात फुलं बघायला माणसांची रीघ लागते. आम्ही जायचो जुलैत. धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही, बुटात जळवा, आणि मॅडम एकेक पान उलटसुलट करून बघतायत. त्यांना रोगट पान नको असायचं. चांगलं, हिरवं, धडधाकट पान हवं असायचं. मला पहिल्या वर्षी वाटलं, बाईंचं काहीतरी चुकतंय.

धडधाकट पानाच्या पोटातही बुरशी राहते. पानाला त्रास देत नाही, बाहेरून दिसतही नाही. ती बाहेर काढायची म्हणजे आधी पान नळाखाली धुवायचं, मग स्पिरिटात, मग ब्लीचसारख्या हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवायचं, म्हणजे पाठीवरचे सगळे उपरे मरतात. निर्जंतुक पाण्यानं खळबळून घ्यायचं, नखाएवढे तुकडे करायचे आणि अँटिबायोटिक घातलेल्या प्लेटवर ठेवायचे. शेवटचं खळबळलेलं पाणीही एका वेगळ्या प्लेटवर ओतायचं. त्या प्लेटवर काही उगवलं तर सगळं काम बाद, कारण मग तुम्ही काढलेली बुरशी पानाच्या आतली की बाहेरची हे सांगता येत नाही. आठवड्याभरात तुकड्याच्या कापलेल्या कडेतून कापसासारखे धागे निघतात. प्रत्येक धागा वेगळ्या ट्यूबमध्ये लावायचा, नंबर द्यायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा: झाड कुठलं, गाव कुठलं, तारीख, रंग, मागच्या बाजूचा रंग. अशा ६१८ नोंदी झाल्या. मी निवृत्त झालो तेव्हा त्यातल्या ४०७ जिवंत होत्या. बाकीच्या मेल्या, काही किड्यांनी खाल्ल्या, काही माझ्या हातून गेल्या. तेही रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे.

हे सगळं साखरेसाठी चाललं होतं. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात साखरेचा आजार, हा विनोद सगळ्यांचा करून झालाय, मी करत नाही. माझं गाव जावळीत, शिवसागर जलाशयाच्या काठाला. आईला शुगर निघाली ती वयाच्या ५२व्या वर्षी. तोवर ती डोक्यावर भारा घेऊन घाट चढायची. बामणोलीपर्यंत लाँचनं यायचं, तिथून गाडी धरून साताऱ्याला, आणि डॉक्टर म्हणणार पंधरा दिवसांनी या. ती दीड महिन्यानं यायची. पायाला काटा लागला, तो तिला कळलाच नाही, कारण तळव्याची जाणीव गेली होती. आधी अंगठा काढला, मग घोट्याखालचा पाय. पुढची ६ वर्षं ती ओटीवर बसून पावसाळ्यात वारुळावर अळंबी आली का म्हणून विचारायची. आता मलाही ११ वर्षं झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा जो मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यात २०२१ साली देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज आहे. त्यात माझी जागा कितवी ते माहीत नाही, पण मी आहे एवढं नक्की.

माझा गोळ्यांचा डबा उघडून दाखवतो. पहिल्या घासाआधी घ्यायची एक बारकी गोळी आहे, व्होग्लिबोज. भात-भाकरीतला स्टार्च शेवटी आतड्याच्या अस्तरावर फुटून त्याची साखर होते. तिथं कात्री चालवणारं एक विकर (एन्झाइम) असतं, अल्फा-ग्लुकोसिडेज. ही गोळी त्या कात्रीत काडी घालते. मग साखर एकदम उसळी न मारता हळूहळू रक्तात उतरते. (न फुटलेलं पिष्ट पुढे मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले जंतू त्यावर ताव मारतात, त्यामुळे चारचौघांत बसायची पंचाईत होते. घेणाऱ्यांना माहीत आहे.) ही गोळी जपानमध्ये १९९४ साली आली. ती स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या मातीतल्या जिवाणूनं बनवलेल्या द्रव्यापासून करतात. तिची थोरली बहीण अकार्बोज, तीही अशाच धागे काढणाऱ्या एका जिवाणूकडून मिळाली. काटेकोर बोलायचं तर हे दोघं बुरशी नव्हेत, बुरशीच्या वेशातले जिवाणू. मॅडम असत्या तर इथं त्यांनी मला थांबवून दुरुस्त केलं असतं, म्हणून मीच करून टाकली.

रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी मात्र थेट बुरशीच्या घराण्यातली. अकिरा एंडो नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं १९७१ पासून बुरश्या तपासायला घेतल्या. सुमारे ६,००० तपासल्यावर पेनिसिलियम सिट्रिनममध्ये त्याला ते द्रव्य मिळालं. सापडली कुठे, तर क्योटोतल्या धान्यदुकानातल्या तांदळावर. त्यातून स्टॅटिन औषधं उभी राहिली. त्या माणसाच्या डोक्यावर तुमच्यासारखं मंडळ असतं तर ३,००० ट्यूबा झाल्यावर खोली रिकामी करा म्हणून पत्र आलं असतं. चूकभूल द्यावी घ्यावी.

साखरेच्या बाबतीतही बुरशीचा दरवाजा ठोठावून झालेला आहे. आफ्रिकेत काँगोमधल्या किन्शासाजवळ गोळा केलेल्या एका पानावरच्या बुरशीतून असं द्रव्य निघालं की जे तोंडावाटे दिल्यावर मधुमेही उंदरांची साखर उतरली. इन्शुलिन ज्या कुलपात चावी फिरवतं, त्याच कुलपात हे आतल्या बाजूनं हात घालत होतं. १९९९ साली ते जगापुढे आलं. त्याचं औषध झालं नाही. उंदरापासून माणसापर्यंतच्या वाटेत बहुतेक सगळे गळतात, हे आम्ही मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचो. पण वाट आहे हे त्या पानानं दाखवलं. आणि तेही कुणा रानातलं साधं पानच होतं.

आमच्याकडे काय निघालं ते वाढवून सांगत नाही. बुरशी फ्लास्कमध्ये तांदळावर वाढवायची (साधा रेशनचा तांदूळ, इंद्रायणीचे लाड नाहीत), तीन आठवड्यांनी त्यात द्रव्य विरघळवून घेणारं इथाइल अ‍ॅसिटेट ओतायचं, गाळायचं, आटवायचं. तळाला काकवीसारखं काहीतरी चिकट उरतं, मिलिग्रॅमात मोजण्याएवढं. ते विकरात मिसळून ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये घालायचं आणि वरून पीएनपीजी नावाचं रंगहीन द्रव्य. विकराची कात्री चालली की द्रव पिवळा होतो, अडली की बिनरंगाचाच राहतो. पालच्या यात्रेत सगळं पिवळं झालं की खंडोबा पावला म्हणतात. आमच्याकडे एखादा खड्डा पिवळा झाला नाही की मुली नाचायच्या.

पहिल्या फेरीत ९ बुरश्या निघाल्या. त्यांचा अर्क अकार्बोजपेक्षाही सरस दिसत होता. असे निकाल छापून मोकळं होणारे खूप असतात. मॅडमनी छापले नाहीत. कारण ही चाचणी स्वस्तात करायला यीस्टचं विकर वापरतात, आणि यीस्टच्या विकरावर अकार्बोजचा मुळातच फारसा परिणाम होत नाही. आंधळ्याशी शर्यत लावून पहिला आल्यासारखं ते. त्यांनी उंदराच्या आतड्याचं विकर मागवून सगळं पुन्हा करायला लावलं. ९ पैकी ३ उरल्या. त्यातली सगळ्यात दमदार २३१ नंबरची, बामणोलीच्या वाटेवरच्या अंजनीच्या पानातली. वरून राखाडी, मागून चहाच्या रंगाची. ते द्रव्य नेमकं कुठलं, कुणाला आधीच माहीत असलेलं तर नाही, यकृताला किंवा मूत्रपिंडाला विषारी तर नाही, हे कळायचं बाकी होतं. ज्या पेनिसिलियम सिट्रिनमनं कोलेस्टेरॉलचं औषध दिलं तिच्याच पोटात मूत्रपिंडाचं विषही असतं. त्यामुळे २३१ हे औषध होतं असं मी कधीच म्हणणार नाही. तो एक प्रश्न होता आणि तो विचारायला आम्हाला ८ वर्षं लागली होती. तुम्ही तो उत्तर येण्याआधीच शिजवला.

माझी तक्रार एका वाक्याची नाही. सुट्या सुट्या गोष्टी आहेत, सांगतो.

ठराव करताना विभागातल्या कुणालाही विचारलं गेलं नाही. रजिस्टर कपाटाच्या पहिल्याच खणात होतं, ते कुणी उघडलं नाही. कारण काय दिलं, तर बुरशीमुळे विद्यार्थ्यांच्या आरोग्याला धोका. ट्यूबला कापसाचा बोळा होता, खोलीला कुलूप होतं, आणि १४ वर्षांत कुणाला शिंकही आली नाही. बुरशी म्हणजे घाण असं ज्यांना वाटतं त्यांनी घरच्या कांदा-लसूण मसाल्यातलं दगडफूल काढून टाकावं, तेही अर्धं बुरशीच आहे. आईला अखेरपर्यंत टोचत होतो तसलं इन्शुलिनही काही कंपन्या यीस्टकडूनच बनवून घेतात. यीस्ट म्हणजे बुरशीच.

दुसरी तक्रार पहिल्याहून मोठी आहे, कारण ती झाली नसती तर पहिलीनं एवढं नुकसान झालं नसतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे. शुद्ध केलेली बुरशी फॉर्म भरून तिथं ठेवायला देता येते. मॅडमनी ३ महत्त्वाच्या आणि आणखी २० निवडून तिथं पाठवायचा अर्ज केला होता. त्यावर संस्थेच्या दोन सह्या हव्या होत्या. तो अर्ज ११ महिने कार्यालयात पडून राहिला. मी स्वतः ७ वेळा विचारायला गेलो. एकदा उत्तर मिळालं, "मामा, ही आपली मालमत्ता, पुण्याला का द्यायची?" एकदा उत्तर मिळालं, "आगरकर की आघारकर, नाव चुकलंय बहुतेक, बघून घ्या." नाव चुकलं नव्हतं. ती आघारकर संस्था आगरकर रस्त्यावर आहे. रस्ता आपल्या कराडजवळच्या टेंभूच्या गोपाळरावांच्या नावाचा, संस्था मालवणच्या आघारकरांच्या. त्या एका काना-मात्रेवर आणखी दोन महिने गेले. सातारा ते स्वारगेट १०० किलोमीटरच्या थोडं पुढे, विनाथांबा गाडीनं अडीच-तीन तासांचं काम. २३ ट्यूबा मी थर्माकोलच्या डब्यात घालून मांडीवर नेल्या असत्या. ज्यांना आपली मालमत्ता म्हटलं होतं त्याच पुढे निरुपयोगी साहित्य झाल्या, हे कसं ते मला समजावून सांगा.

पुन्हा त्याच झाडावरून पान आणा की, असंही मला सांगण्यात आलं. आणू. पण एकाच अंजनीच्या दोन पानांत दोन वेगळ्या बुरश्या असतात, आणि एकाच नावाची बुरशी एका पानातली ते द्रव्य करते, दुसऱ्या पानातली करत नाही. ट्यूबमध्ये सारखी पुनर्लागण केली, म्हणजे नव्या माध्यमावर पुन्हा पुन्हा लावली, तरी कित्येक बुरश्या आपला गुण विसरतात. २३१चाही जोर दोन वर्षांत उतरायला लागला होता, म्हणून तर तिला गोठवून ठेवायची घाई होती. उणे ८० अंशांच्या फ्रीजरसाठी मॅडमनी तीन वेळा मागणी केली. त्या वर्षी प्रवेशद्वाराची कमान झाली. कमान छान आहे.

माहितीपत्रकाच्या चौथ्या पानावर आजही आमच्याच प्लेटांचा फोटो आहे. 'सह्याद्रीच्या जैवविविधतेवर मूलभूत संशोधन'. यंदाच्याही माहितीपत्रकात तो तसाच आहे. प्लेटा नाहीत.

एक तक्रार रानाच्या बाजूनं. नरक्याचं झाड आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. त्यातलं द्रव्य कर्करोगाच्या औषधांना लागतं, म्हणून चोरून तोडून गाड्या भरून गेला. सप्तरंगी या रानवेलीची मुळं मधुमेहावर चालतात म्हणून ती खणून काढतात. नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी तेच द्रव्य बनवते, असं आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली मांडलं. त्यातून अजून कारखाना उभा राहिला नसेल, पण एक पान खुडून काम होण्याची शक्यता आणि झाड मुळासकट उपटणं यात मी काय निवडावं हे मला जावळीत जन्मलेल्याला कुणी शिकवायला नको. ज्या गावांनी आम्हाला रान दाखवलं, पावसात चुलीपुढे बसवून भाकरी वाढली, त्यांना मॅडमनी शब्द दिला होता की जे निघेल ते आधी गावाच्या जैवविविधता समितीला कळवू. जैवविविधता कायदा २००२चा आहे, स्थानिक समित्या त्यातच सांगितल्यात. आम्ही त्यांना काय कळवायचं आता?

आणि ज्या गोष्टीचा मला सगळ्यात राग आहे ती. ज्या वर्षी अर्ज पडून होता त्याच वर्षी आपलं सभागृह एका कॅप्सूलवाल्यांना दिलं गेलं. अळंबीची पावडर, तीन महिन्यांत साखर बरी, सभासद व्हा, आणखी चार सभासद करा. आपल्याच सभागृहात, आपल्याच नावाच्या बॅनरखाली. शेजारच्या वहिनींनी ७,००० रुपयांच्या डब्या घेतल्या आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. दीड महिन्यानं साखर ४००च्या वर गेली, रात्री अ‍ॅडमिट करावं लागलं. त्या वाचल्या. गॅनोडर्मा नावाच्या ज्या अळंबीचा असा डांगोरा पिटतात, तिच्यावरचे माणसांवरचे प्रयोग २०१५ साली कॉक्रेन या औषधांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी एकत्र तपासले. टाइप २ मधुमेहात तिच्या वापराला आधार सापडला नाही. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४च्या कायद्यानं बंदी आहे. बुरशीत औषध असू शकतं असं म्हणणारी आणि ते तपासणारी खोली तुम्ही बंद केली, आणि बुरशीत औषध आहेच असं न तपासता सांगणाऱ्यांना माइक दिला.

तुमची बाजूही मला दिसते. त्या खोलीत स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका होणार आहे. माझा भाचा राज्यसेवेची तयारी करतो, पहाटे पाचला रांगेत उभा राहून जागा पकडतो. अभ्यासिका व्हावी. खोली परत द्या असं मी म्हणतच नाही. ६१८ नोंदींना एक फ्रीज आणि एक कपाट पुरत होतं, खोली लागतच नव्हती. कुणी विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं.

आता जे उरलंय त्याबद्दल.

प्राणिशास्त्र विभागाच्या मागच्या बोळात एक जुना, दाराला सुतळी बांधलेला फ्रीज आहे. त्यात खालच्या खणात ४३ ट्यूबा आहेत, वरून पॅराफिन तेल ओतून ठेवलेल्या. तेलाखाली बुरशी वर्षानुवर्षं झोपून राहू शकते. त्या ट्यूबांचं कुणाच्या लक्षात नव्हतं म्हणून त्या वाचल्या. हे जाहीर लिहिण्यात धोका आहे हे मला कळतं, पण लपवून ठेवण्यात जास्त धोका आहे. सुट्टीत मेन स्विच बंद करतात. २३१ त्यात नाही, मी तीन वेळा पाहिलं. उरलेल्या तिघींपैकी ८७ आहे.

रजिस्टर माझ्याकडे आहे. रद्दीच्या गठ्ठ्यात होतं, मी उचललं. चोरी म्हणायची तर म्हणा. लेखी पोच मिळाली की त्याच दिवशी परत करतो.

माझ्या मागण्या अशा. त्या फ्रीजला मेन स्विचपासून वेगळी लाइन द्या आणि ४३ ट्यूबांना विभागाच्या लेखी परवानगीशिवाय कुणी हात लावू नये असा आदेश आजच काढा. पुण्याच्या संग्रहाचा अर्ज नव्यानं करून त्यावर महिन्याभरात सह्या करा. भाडं मी घालीन. ठरावातला 'निरुपयोगी' हा शब्द पुढच्या सभेत काढून टाका आणि किती संवर्ध (जिवंत बुरशीच्या ट्यूबा) नष्ट झाले तो आकडा इतिवृत्तात लिहा. यापुढे कुठल्याही विभागातला जिवंत संग्रह नष्ट करायचा असेल तर रजिस्टर समोर ठेवून, विभागप्रमुखांची सही घेऊन आणि महिनाभर आधी सूचना लावून करा. रजिस्टर स्कॅन करा. त्यात ज्या विद्यार्थ्यांच्या अक्षरात नोंदी आहेत त्यांना एकेक प्रत द्या, नाहीतर त्यांनी चार-चार महिने केलेल्या कामाचा दुसरा कुठलाच पुरावा शिल्लक नाही. गावांच्या समित्यांनाही प्रत द्या, झालेलं खरं-खरं कळवून. सभागृह कुठल्याही रोग बरा करणाऱ्या विक्रेत्याला देऊ नका. आणि फ्रीजरची मागणी चौथ्यांदा करतोय; आता तरी कुठल्या तरी योजनेतून तो घ्या.

यात कुणाची बदली, निलंबन, माफीनामा काहीच मागितलेलं नाही.

जुलैत मॅडम पुन्हा बामणोलीला जायचं म्हणतायत. त्यांचे गुडघे आता घाट उतरू देत नाहीत, म्हणून दोन मुली बरोबर येतील. कॉलेजची गाडी एक दिवस मिळाली तर बरं होईल, नाही मिळाली तर एसटी आहेच. अंजनीचं ते झाड मला माहीत आहे. त्याच्या बुंध्याला मीच निळी खूण केली होती, ती पावसात गेली असेल.

त्या ४३ ट्यूबांची पुनर्लागण आता केलीच पाहिजे. हे काम मी पैसे न घेता करीन. येत्या सोमवारी सकाळी ११ वाजता मी विभागाच्या दारात असेन. लॅमिनारची (निर्जंतुक हवेच्या कपाटाची) चावी कुणाकडे आहे तेवढं कळवून ठेवा. माध्यमासाठी बटाटे मी घरून आणतो.

आपला,
मामा
(निवृत्त प्रयोगशाळा सहायक, मायक्रोबायोलॉजी विभाग)
सातारा